अर्थ सांगणारी

१

रविवारी माझं काम साडेदहाला सुरू होतं. त्याआधी रिबूची आंघोळ, अजितचा शर्ट, सासूबाईंचा हरवलेला चष्मा, आणि मग पाड्यावरून पायी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. पत्र्याचं छप्पर, तीन भिंती विटांच्या, चौथी अजून कुडाची. नवापूर तिथून सात किलोमीटर. वारा फिरला की पोल्ट्रीचा वास प्रार्थनेत येऊन बसतो आणि कुणी नाक दाबत नाही, कारण निम्म्या मंडळीचं पोट त्याच वासावर आहे. अजितचंसुद्धा.

गाणी होतात, साक्षी होतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेक जण उभं राहून सांगतं. मग पाळक मगन डोळे मिटतात आणि कुणावर तरी आत्मा उतरतो. तो माणूस कुणीच न शिकलेल्या भाषेत बोलू लागतो. आमच्याकडे नियम पक्का आहे: अर्थ सांगणारं कुणी नसेल तर अशानं मंडळीत गप्प बसायचं. म्हणून अर्थ सांगणारं माणूस लागतंच. ते दान माझं. डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली, बावीस महिन्यांच्या मुलीची आई.

अर्थ कसा येतो, असं कुणी विचारलं तर मी वर बघते. खरं म्हणजे भाषा थांबते, सगळे माझ्याकडे वळतात आणि मी काहीतरी बरं बोलते. भिऊ नका, तुमचं पेरलेलं वाया जाणार नाही, असं काही. ते आत्म्याकडून येतं की दहावीच्या निबंधातून, हे मी तपासायला गेले नाही. लोकांचे डोळे भरून येतात. तेवढं मला पुरत होतं.

(घरात आम्ही मावची बोलतो. इथलं सगळं बोलणं मी मराठीत आणलंय. त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

जानेवारीतल्या त्या रविवारी सासूबाईंवर आत्मा उतरला. सासूबाईंचं नाव तुळशीबाई. दर महिन्याला एकदा त्यांच्यावर उतरतोच. ओळखीचाच ओघ होता, खळखळ, मध्येच हुंदका. त्या ओघात त्या स्पष्टपणे म्हणाल्या, “तीती.”

तीती म्हणजे कोंबडी. कुठल्याच भाषेत नाही, फक्त रिबूच्या. रिबूला तेव्हा पाच शब्द येत होते आणि ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते: आया म्हणजे मी, पापा, तीती, बू म्हणजे दिवा, आणि गग्गी.

मी नेहमीसारखा अर्थ सांगितला. मनात म्हटलं, आजीच ती. दिवसभर नातीचं ऐकते, तोंडात बसला असेल शब्द. आत्म्यालासुद्धा मिळेल त्या सामानावर भागवावं लागतं.

२

माझ्याआधी हे दान रूपलीबाईचं होतं.

रूपलीबाई साठीची, एकटी, निरक्षर. ती अर्थ सांगायची तेव्हा कुणाचे डोळे भरून येत नसत. ती सांगायची, अमक्याच्या विहिरीवर भांडण आहे, ते मिटवा. किंवा, आज देव काही बोलला नाही, घरी जा. पाळक चुळबुळत. पण तिचं खोटं ठरलेलं कुणाला आठवत नव्हतं.

रिबू आठ महिन्यांची असताना रूपलीबाई एकदा भर मंडळीत म्हणाली, “एका घरात लेकरू आईच्या आवाजाला घाबरतं. त्या आईनं आवाज सांभाळावा, नाहीतर तोच जाईल.” तिनं कुणाकडे बघितलं नाही. गरज नव्हती, बाकी सगळ्यांनी बघितलं. आदल्या दिवशी दुपारी रिबू तीन तास रडत होती आणि मी तिच्यावर ओरडले होते, शेजारी ऐकू जाईल इतकी. एकदाच ओरडले. म्हणजे, दोनदा.

पुढं कित्येक महिने बायका मला रिबूला कसं धरावं ते शिकवत होत्या.

मग नोव्हेंबरात सुरतेहून छापील प्रश्नावली आली. आत्मिक दानं ओळखण्यासाठी पंचाहत्तर प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, शेवटी बेरीज. ज्या रकान्यात जास्त गुण, ते तुमचं दान. पाळकांना ही पद्धत फार आवडली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. अकरा बायका. रूपलीबाई शेवटची.

“न शिकलेल्या भाषेचा अर्थ तुम्हाला कळतो का?” मी वाचलं.

“कधी येतो, कधी नाही. माझ्या हातात आहे का ते?”

मी शून्य लिहिलं. पुढच्या दोन प्रश्नांनाही. “इतरांची लहानसहान कामं तुम्ही आनंदानं करता का?” याला ती हसली आणि म्हणाली, “आनंद कसला, पडलेलं दिसलं की उचलते.” मी पाच लिहिले.

“नीट वाचलंस ना, पोरी?”

“वाचलं, मावशी.”

तिनं अंगठा दिला. बेरजेत तिचं दान निघालं मदतीचं. माझं निघालं अर्थ सांगण्याचं. माझा कागद मीच भरला होता. पाळकांनी दोन्ही नावं फळ्यावर लिहिली. त्या रविवारपासून रूपलीबाई मंडळीमागच्या हापशावर सहभोजनाची भांडी घासू लागली, आणि मंडळीत तिचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

३

सोमवारी रिबूला कडेवर घेऊन मी अजितचा डबा द्यायला पोल्ट्रीवर गेले. जाळीमागं तीन हजार कोंबड्या. एरवी रिबू तिथं पोचायच्या आधीच तीती तीती करत पाय झाडायची. त्या दिवशी तिनं बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, खिशातलं काही हरवल्यावर माणूस बघतं तसं.

“तीती,” मी म्हटलं. “म्हण, तीती.”

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी पुन्हा सासूबाई. ओघात “पापा” आला, आणि जरा पुढं “बू”. मी हाताची बोटं आवळून धरली आणि अर्थ सांगितला: प्रकाश येत आहे, पिता जवळ आहे. लोक आमेन म्हणाले. स्वतःच्या हुशारीची मला त्या क्षणी किळस आली आणि कौतुकही वाटलं.

संध्याकाळी अजित दारात आला. रिबू धावत गेली, त्याच्या गुडघ्याला बिलगली आणि गप्प उभी राहिली.

“पापा म्हण की,” अजित म्हणाला. मग मला म्हणाला, “रागावली का माझ्यावर?”

मी बटण दाबून दिवा लावला. बंद केला. लावला. रिबूनं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बिल वाढवू नको,” अजित म्हणाला.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा बघितला, मोबाईल किती वेळ देता ते विचारलं. मुलं कधीकधी शिकलेले शब्द टाकतात, म्हणाले, तीन महिने वाट बघू. बाहेर कंपाउंडरनं माझा चेहरा बघितला. “पोर शे, बोलीन,” तो अहिराणीत म्हणाला. “मन्हा पोऱ्या तीन वरीसनंतर बोलना. आते गप्प बसाडाले पैसा देवा लागतस.”

मी हसले. बसमध्ये वही काढली आणि तीन शब्दांवर रेघ मारली. तारीखही टाकली. शिकलेल्या बाईला भीती वाटली की ती तारखा टाकते.

४

गग्गी म्हणजे माझ्या वेणीचं टोक. झोपताना रिबू ते मुठीत धरते आणि गालावर फिरवते. हा शब्द ती फक्त अंगावर पीत असताना म्हणायची, अर्धवट झोपेत, आवाज न काढता, नुसत्या श्वासात. अजितला तो माहीत नव्हता. सासूबाईंना माहीत नव्हता. मी वहीत लिहिला होता, पण वही एरवी माझ्या पेटीत असायची.

तिसऱ्या रविवारी आत्मा आमशावर उतरला. आमशा पोल्ट्रीत पिंजरे गाडीवर चढवतो. सहा फूट उंच, खर्जातला आवाज, आमच्या घरी कधी पाऊल टाकलेलं नाही. तो पुरुषांच्या बाजूला उभा राहिला, हात वर केले, आणि बोलता बोलता एकदम थांबला. मग त्याच्या त्या रुंद छातीतून, नुसत्या श्वासात, आलं:

“गग्गी.”

त्यानं आपल्याच गालाला बोटं लावली होती.

सगळे माझ्याकडे वळले. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली. रिबू माझ्या मांडीवर होती आणि तिनं माझी वेणी सोडून दिली होती.

“आशाताई,” पाळक हलकेच म्हणाले. “अर्थ?”

मला म्हणता आलं असतं, की आज अर्थ आला नाही. रूपलीबाई म्हणायची तसं.

“देव म्हणतो,” मी म्हटलं, “की जे लपलेलं आहे ते तो राखून ठेवतो.”

“आमेन,” मंडळी म्हणाली.

कुडाच्या भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज एरवी चालूच असायचा. तो मात्र त्या वेळी थांबला होता, हे मला नंतर लक्षात आलं.

५

सहभोजन झाल्यावर मी मागं गेले. रूपलीबाई हापशाशी माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती. शेजारी राखेचं टमरेल. घासलेल्या वाट्या तिनं फरशीवर पालथ्या मांडल्या होत्या, ओळीनं. त्यांपासून जरा दूर चार वाट्या वेगळ्या होत्या. त्याही पालथ्या.

“मावशी.”

“ये,” ती न वळता म्हणाली. “जेवलीस?”

“रिबू बोलायची बंद झाली आहे.”

“सगळीच?”

ती देगचीत हात घालून तळ खरवडत होती.

“किती राहिले?” तिनं विचारलं. तिखट किती टाकू, असं विचारावं तसं.

“एक.”

“हं.”

भीती वाटली, पण त्याहून आधी राग आला. हे मला लिहायलाच हवं. मला तिची मान धरून ते तोंड राखेत दाबावंसं वाटलं. बाईमाणूस, वय झालेलं, त्यात मंडळीतली. वाटलं खरं.

“मावशी, तुम्हाला काय पाहिजे?”

“मला?” आता ती वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं, घामसुद्धा नाही. “मला मदतीचं दान आहे. मी कुणाकडे काय मागायचं?”

“कागदावर मी...”

“शून्य लिहिलंस. तीन.” तिनं राखेत बोटानं एक गोल काढला. “मला वाचता येत नाही, आशा. पण शून्य गोल असतं. एवढं तर कोंबडीलापण कळतं, रोज घालते ती.”

“मग अंगठा का दिलात?”

“तू म्हणालीस, वाचलं. मी म्हटलं, पोरीचं तोंड आहे, बघू काय काय बोलतं ते.”

ती हापशाकडे गेली. दांडा वर-खाली होऊ लागला, पाणी पडू लागलं, आणि त्या पाण्याच्या आवाजाखालून मला ऐकू आलं. अगदी बारीक. श्वासातलं. गग्गी. मग पलीकडून तीती. मी रूपलीबाईच्या तोंडाकडे बघत होते. ते मिटलेलं होतं. रिबू आत सासूबाईंजवळ होती; कुडाच्या फटीतून तिची पिवळी टोपी दिसत होती.

आवाज खालून येत होता, फरशीवरून.

मी वाकले आणि त्या चारांतल्या कडेच्या वाटीला हात लावला. वाटी कोमट होती, अंगाखाली दाबलेल्या उशीसारखी.

“उचलू नको,” रूपलीबाई म्हणाली. “अजून ओली आहे.”

मी उचलली नाही. उचलायला हवी होती का, हे मी अजून स्वतःला विचारते. स्टीलची वाटी, उन्हात, कोमट असायचीच. आणि आवाज शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पट्ट्याचाही येतो तसा. पण मोटार त्या दिवशी बंद होती, आणि फरशीवर ऊन नव्हतं.

६

आठवडाभर मी रिबूला “आया” म्हणू दिलं नाही. वापरला की संपेल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तिनं तोंड उघडलं की मी त्यात केळं कोंबायची. एकदा तर हात ठेवला तिच्या तोंडावर. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखली. आठ महिन्यांची असतानाची.

शुक्रवारी अजितला सगळं सांगितलं. वाट्यांचं सोडून.

तो नखं कुरतडू लागला. “म्हणजे म्हातारीचं दान तू खाल्लंस.”

“तीन प्रश्न होते.”

“मग मंडळीत सांगून टाक. लोक काय, चार दिवस बोलतील.”

“मला पुन्हा रिबूला कसं धरायचं ते शिकवतील.”

“शिकवा म्हणावं,” अजित म्हणाला. “पोरगी मुकी झाली तर काय करणार आहेस, अर्थ सांगणार?”

तो असा बोलत नाही एरवी. म्हणूनच मी ठरवलं. शनिवारी दुपारी मी जे बोलायचं ते लिहून काढलं, पाठ केलं. एकच वाक्य होतं. रूपलीबाईच्या कागदावर मी खोटे गुण लिहिले, आणि मला अर्थ कधीच आला नाही.

७

रविवारी साक्षींच्या वेळी मी उभी राहिले. रिबू सासूबाईंच्या मांडीवर होती. कुडापलीकडे भांडी वाजत होती.

“मला मंडळीसमोर काही कबूल करायचं आहे.” हे मी म्हणणार होते.

तोंड उघडलं आणि आलं, “गग्गी.”

कुणीतरी खोकलं. मी गिळलं, पुन्हा सुरुवात केली. वाक्य डोक्यात लख्ख होतं, काना-मात्रेसकट. “तीती,” मी म्हणाले. “बू, पापा, बू.” आणि मग बांध फुटल्यासारखं सुरू झालं. खळखळ, हुंदका, कुणीच न शिकलेलं. मी तोंडावर हात ठेवला तरी ते बोटांमधून येत राहिलं. आत मी मराठीत किंचाळत होते, मावचीत किंचाळत होते, बाहेर ते गोड लागत असावं, कारण बायका रडू लागल्या होत्या.

“स्तुती असो,” पाळक मगन म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “आशाताईंना अन्य भाषांचं दान मिळालं.”

मी मान हलवली. नाही, नाही. त्यांना वाटलं आत्म्यानं हलते आहे.

“पण अर्थ कोण सांगणार?” पुरुषांमधून कुणीतरी विचारलं. “सांगणारी तर तीच.”

“मग नियमानं त्यांनी गप्प...” पाळकांनी सुरुवात केली.

कुडाच्या बाजूचं दार उघडलं. रूपलीबाई आत आली, कोपरापर्यंत राख, हात पदराला पुसत. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला ओल्या फरशीचा वास होता. तिनं डोळे मिटले नाहीत, वर बघितलं नाही. माझ्याकडेच बघत, शांतपणे, एक एक शब्द ठेवत ती म्हणाली:

“ही म्हणते, मला मिरवायचं नव्हतं. ही म्हणते, मला मदतीचं दान हवं आहे. आजपासून भांडी मी घासते, असं म्हणते. आनंदानं.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं.

आणि त्या आमेनमागून, लखलखीत, रिबू म्हणाली, “तीती.” दाराबाहेर खरंच एक कोंबडी होती.

८

रिबू आता बोलते. पोपटासारखी. चंद्र म्हणते, चप्पल म्हणते, मला नको म्हणते. वहीचं पान भरलं आणि मी पुढचं उलटलं. डॉक्टर म्हणाले, सांगितलं नव्हतं का. माझ्या तोंडून मात्र अजून ती खळखळच येते; डोक्याचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. धक्का असेल, म्हणाले, तीन महिने वाट बघू.

लिहिता येतं, म्हणून लिहिते. पाळकांना पहिली चिठ्ठी दिली तेव्हा ते म्हणाले, आत्मा बोलत असताना कागद मध्ये आणू नका, ताई. अजितनं सगळं वाचलं. घडी केली. “रूपलीबाई रोज दोन किलोमीटर चालत येते तुझ्यासाठी,” तो म्हणाला. “आणि तू असं लिहितेस.”

ती रोज येते, कारण माझं म्हणणं कुणाला तरी कळायला हवं. अजितनंच बोलावलं. मी स्वयंपाकघरातून काही म्हणते, ती ओसरीवरून सांगते: मीठ संपलंय म्हणते. दमले म्हणते. बरोबर सांगते बहुतेक वेळा. म्हणूनच तिच्यावर कुणी संशय घेत नाही. रविवारी मी हापशावर असते आणि कुडापलीकडून तिचा आवाज ऐकते. वेगळ्या ठेवलेल्या वाट्या तिथं नाहीत. मी प्रत्येक रविवारी सगळ्या उचलून बघते.

काल दुपारी रिबू माझ्या मांडीवर बसली होती, माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत. मी तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि म्हणाले. काय म्हणाले ते मला माहीत आहे. कुठलीही आई म्हणते तेच. बाहेर पडलं ते खळखळीसारखं, लांबलचक, आणि रिबू मान वाकडी करून ऐकत राहिली. तिला ते कळावंसं वाटत होतं. ते तिच्या कपाळावर दिसत होतं.

मग तिनं ओसरीकडे बघितलं. “रूपीआया,” ती म्हणाली, “आया काय म्हणते?”

रूपलीबाईनं तांदूळ निवडायचं थांबवलं. तिनं रिबूला बोटानं जवळ बोलावलं नाही, आवाजही चढवला नाही. ती नुसती वाकली आणि माझ्या मुलीच्या कानाशी हळू बोलली, तीन-चार शब्द. तिच्या ओठांची हालचाल मी नीट पाहिली. ओठ वाचता येत नाहीत मला.

रिबू बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिनं माझा हात तिच्या पोटावरून काढला, तो माझ्याच गुडघ्यावर नीट ठेवला, आणि मांडीवरून उतरली.